उन्हवऱ्याच्या कुंडावर बल्ब का लागत नाही?

ऊनऊन भात आणि त्यावर तूप, यातलं 'ऊन' म्हणजे आकाशातलं ऊन नव्हे, गरम. हे एकदा लक्षात आलं की महाराष्ट्राच्या नकाशावरची बरीच गावं आपली गोष्ट आपणच सांगायला लागतात. दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर. सगळीकडे जमिनीतून ऊन पाणी येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं तर मुंबईकरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाहिलेली आहेत.

अशा कुंडाच्या काठावर पाय सोडून बसलं की दहा मिनिटांत कुणीतरी हा प्रश्न विचारतंच: "एवढं गरम पाणी चोवीस तास फुकट वाहतंय, यावर वीज का काढत नाहीत?" उत्तर बहुतेक वेळा सरकारच्या नावाने बोटं मोडून मिळतं. मी स्वतः बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण थोडं खोलात गेल्यावर दिसलं की इथे सरकारपेक्षा मोठी अडचण पदार्थविज्ञानाची आहे, आणि ती समजली की भूऔष्णिक ऊर्जा, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा, हा सगळा प्रकारच समजतो. म्हणून कुंडापासूनच सुरुवात करू.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. कोकणाखाली जागृत ज्वालामुखी नाही. सह्याद्री लाव्हाचाच बनलेला आहे हे खरं, पण तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची उष्णता कधीच संपली. पाणी गंधकामुळे तापतं हेही खरं नाही. काही झऱ्यांना जो वास येतो तो पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो, त्याचा तापण्याशी संबंध नाही. खरं कारण साधं आहे. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खाली उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान सरासरी २५ ते ३० अंशांनी वाढतं. खूप खाली गेलेलं पाणी तापतं, हलकं होतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून चटकन वर येतं. उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास असतं. वर येताना ते थोडं निवतंही, म्हणजे ते निदान दीड-दोन किलोमीटर खोल जाऊन आलेलं असणार. आपण ज्या पाण्यात पाय बुडवतो ते फार लांबचा प्रवास करून आलेलं पावसाचंच पाणी आहे.

मग जमीन खाली तापलेली का? पृथ्वीचा गाभा ५,००० अंशांच्या वर तापलेला आहे. पृथ्वीच्या पोटातली काही उष्णता ती जन्मली तेव्हाची, अजून न निवलेली. उरलेली, जवळजवळ निम्मी, खडकांमधल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून सतत तयार होत असते. ऐकायला हे प्रचंड वाटतं आणि एकूण बेरीज प्रचंड आहेच. पण ती आपल्यापर्यंत पोचते किती, हे पाहा. जमिनीवर सरासरी दर चौरस मीटरला ही उष्णता भरते ०.०६५ वॅट. दहा बाय दहाच्या खोलीखालून वर येणारी सगळी उष्णता गोळा केली तर अर्ध्या वॅटहून थोडी जास्त. देवघरातला अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो बल्बसुद्धा तिच्यावर लागणार नाही, कारण सगळ्या उष्णतेची वीज होत नाही. त्याच दहा बाय दहाच्या गच्चीवर भर दुपारी सूर्य ९,००० वॅटच्या वर ओततो. फरक पंधरा हजार पटींचा.

पृथ्वीची उष्णता जर इतकी किरकोळ, तर आइसलँड आणि केनिया त्यावर चालतात कसे?

बँकेतल्या ठेवीचा विचार करा. वर येणारी उष्णता हे व्याज, आणि ते अगदीच क्षुल्लक आहे. पण खाली तापून बसलेला खडक ही मुद्दल आहे, आणि ती अफाट आहे. एक घन किलोमीटर खडक फक्त १ अंशाने थंड केला तर ७० कोटी युनिटांहून जास्त उष्णता मिळते. वीजनिर्मिती केंद्र खरं तर ही मुद्दल मोडून खातं. ऊन पाण्याचं कुंड म्हणजे निसर्गाने आपणहून हातावर ठेवलेलं व्याज. केंद्र म्हणजे बँकेत जाऊन मोडलेली एफडी.

आता मोडलेली ठेव पुन्हा भरायला किती वेळ लागेल? वरच्या आकड्यांवरून हिशेब केला, आणि फक्त खालून येणारी सरासरी उष्णताच धरली, तर तो १ अंश भरून यायला हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. प्रत्यक्षात चांगल्या क्षेत्रात इतकं वाईट नसतं. तिथे खाली शिलारस जवळ असतो, आजूबाजूच्या खडकातून उष्णता येते, पाणी फिरत राहून ती वाहून आणतं. तरीही 'अक्षय ऊर्जा' हा शब्द इथे जपून वापरायला हवा. बेताने काढली तर अक्षय, ओरबाडली तर नाही.

ओरबाडल्यावर काय होतं ते अमेरिकेने पाहिलं आहे. कॅलिफोर्नियात 'द गीझर्स' नावाचं क्षेत्र आहे. तिथे जमिनीतून थेट कोरडी वाफ येते, जी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. १९६० मध्ये ११ मेगावॅटपासून सुरुवात झाली, मग केंद्रांवर केंद्रं उभी राहिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब पडू लागला. गंमत अशी की खडक अजून तापलेलाच होता, संपलं होतं ते पाणी. हंडा चुलीवर, पण रिकामा. उपाय मोठा मासलेवाईक निघाला: आसपासच्या गावांचं सांडपाणी शुद्ध करून जमिनीत सोडायचं. १९९७ पासून लेक काउंटीचं आणि २००३ पासून सांता रोझा शहराचं पाणी लांबलचक नळांमधून डोंगरावर चढवून खाली ओतलं जातं, आणि त्याची वाफ होऊन वर येते. न्यूझीलंडच्या वैराकेई इथे, जिथे १९५८ पासून वीज तयार होते, पाणी परत न सोडता उपसत राहिल्यामुळे काही भागात जमीनच १५ मीटरच्या आसपास खचली. म्हणून आता बहुतेक नवी केंद्रं वापरलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत खाली सोडतात. त्याने दुसराही एक प्रश्न सुटतो: या पाण्यात अनेकदा आर्सेनिक आणि बोरॉन असतं, ते ओढ्या-नद्यांत जात नाही.

हे सगळं सुरू झालं इटलीत. टस्कनी प्रांतातल्या लार्डेरेल्लो इथे जमिनीतून वाफ फुसफुसत यायची आणि तिच्यातून बोरिक आम्ल काढायचा धंदा चालत असे. त्या कारखान्याचे मालक पिएरो जिनोरी कोंती यांनी ४ जुलै १९०४ रोजी त्या वाफेवर छोटं इंजिन फिरवून पाच बल्ब लावून दाखवले. १९१३ मध्ये तिथे २५० किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. लार्डेरेल्लोत आजही वीज बनते.

जमिनीतल्या उष्णतेची वीज करायची तऱ्हा समजायला स्वयंपाकघरातला कुकर पुरेसा आहे. दोन किलोमीटर खाली पाण्यावर इतका दाब असतो की ते २५० अंशांवरही उकळत नाही. विहिरीतून ते वर आणलं की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, शिट्टी उचलल्यावर होते तशी. ती वाफ टर्बाइन फिरवते. केनियातल्या ओल्कारियाचं काम बहुतांशी या पद्धतीने चालतं. पूर्व आफ्रिकेत जमीन फाटत चालली आहे, शिलारस वर सरकलेला आहे, आणि विहिरींत ३०० अंशांच्या वर तापमान मिळतं. १९८१ मध्ये तिथे १५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. आज केनियाच्या एकूण विजेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज जमिनीखालून येते. पाऊस दगा देतो आणि धरणं आटतात त्या वर्षी याची किंमत कळते. मात्र ओल्कारिया परिसरातल्या मासाई पशुपालकांना त्यासाठी जागा सोडावी लागली आणि त्यावरून तंटे झाले, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं. स्वच्छ विजेलाही जागा लागते आणि ती जागा कुणाची तरी असते.

पण उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांचं. त्याची वाफ होणार नाही. तिथे दुसरी तऱ्हा लागते. गरम पाण्याने पेंटेनसारखा एखादा द्रव तापवायचा, जो पाण्यापेक्षा खूप कमी तापमानाला उकळतो. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं, वाफ थंड करून पुन्हा द्रव करायचा, पुन्हा तापवायचा. एका बंद वळशात हे चालू राहतं. दोन द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. रशियात कामचाटका इथे १९६७ मध्ये ८१ अंशांच्या पाण्यावर हे करून झालं. अलास्कातल्या चीना नावाच्या गरम झऱ्यांच्या ठिकाणी २००६ मध्ये त्याहून कमी, ७४ अंशांच्या पाण्यावर २०० किलोवॅटचा संच बसवला, नंतर तसाच आणखी एक. त्याची यंत्रं मुळात मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचे भाग वापरून केलेली होती. एसी वीज खाऊन एका बाजूला गरम आणि एका बाजूला थंड करतो. इथे एका बाजूला गरम आणि एका बाजूला थंड आहेच, मग तेच यंत्र उलटं चालवून वीज का काढू नये, असा तो विचार.

चीनाचं पाणी ७४ अंश, उन्हवऱ्याचं ७०. चारच अंशांचा फरक! मग तिथे जमतं ते दापोलीत का नाही?

सगळी गोम 'थंड' या शब्दात आहे. उष्णतेची वीज होते ती गरम आणि थंड यांच्यातल्या अंतरामुळे. नुसतं गरम असून भागत नाही. धरणातल्या पाण्याची उंची जशी खालच्या पात्रापासून मोजायची, तसंच हे. चीनाला थंड करायला सुमारे ४ अंशांचं पाणी मिळतं. म्हणजे उतार ७० अंशांचा. दापोलीत पाणी आणि हवा, दोन्ही २८ अंशांच्या आसपास. उतार उरला ४२ अंशांचा. पदार्थविज्ञानाच्या नियमाप्रमाणे या उतारावर जास्तीत जास्त १२ टक्के उष्णतेची वीज होऊ शकते, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मीसुद्धा मिळाली तर नशीब. म्हणजे पाचेक टक्के. त्यातून पंप आणि पंखे आपला वाटा खाणार. चीनामध्येही प्रत्यक्ष कार्यक्षमता ८ टक्क्यांच्या आसपासच आहे, पण तिथे ती परवडते, कारण जवळ विजेच्या तारा नाहीत आणि पर्याय होता तो महागड्या डिझेलचा. उन्हवऱ्याला तारा आलेल्या आहेत.

खोल बोअर मारून जास्त गरम पाणी काढता येईल की, असं कुणी म्हणेल. येईल. पण बोअरचा जुगार आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, तीनशे फूट गेले, धूळ निघाली, पैसे बुडाले. इथे तोच जुगार दोन-तीन किलोमीटरचा. एका विहिरीला कोट्यवधी रुपये लागतात. खाली उष्णता मिळेल, पण भेगा आणि पाणी मिळेलच असं नाही. भूऔष्णिक विजेत खरा खर्च हा असतो. इंधन फुकट, पण ते आहे की नाही हे बघायलाच बराच पैसा जातो. केनियाने यावर तोड काढली ती अशी: २००८ मध्ये सरकारने एक स्वतंत्र कंपनीच स्थापन केली, जिचं काम विहिरी खोदून वाफ शोधायची. बुडीत विहिरींचा तोटा सरकार सोसतं, वाफ सापडली की खासगी कंपन्या येतात.

आपल्या पायाखाली काय आहे हे पाहायला कोयनेच्या परिसरात गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलेलं आहे. ते विजेसाठी नव्हे, कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला. कराडच्या संशोधन केंद्राचं ते काम. काळ्या बसाल्टचे थर तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतात आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो. असा खडक सहसा घट्ट असतो, पाणी फिरायला जागा कमी.

जिथे खडक तापलेला आहे पण भेगा नाहीत, तिथे दाबाने पाणी सोडून भेगा पाडायचं तंत्र आता पुढे येतंय. फर्वो या अमेरिकी कंपनीने २०२३ मध्ये नेवाडात असं ३.५ मेगावॅटचं प्रात्यक्षिक यशस्वी केलं. शेल वायूच्या, म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या वायूच्या, धंद्यात शिकलेली आडव्या विहिरी खोदायची हातोटी इथे कामी आली. मला हे तंत्र खरोखर आशादायक वाटतं, पण १९६७चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरात अजून आठवला जातो त्यांनी पुढचंही ऐकावं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराखाली २००६ मध्ये असंच पाणी सोडताना ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो प्रकल्प पुढे गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियात पोहांग इथे २०१७ मध्ये ५ हून जास्त तीव्रतेचा भूकंप झाला, आणि सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये त्याचा संबंध तिथल्या भूऔष्णिक प्रकल्पाशी जोडला. जमिनीत पाणी घुसवलं की आधीपासून ताणाखाली असलेली भेग सरकू शकते. कोयनेच्या भूकंपांचा संबंधही धरणातल्या पाण्याशी जोडला जातो, त्यामुळे हे कळायला महाराष्ट्राला परदेशी जायची गरज नाही.

भारतात वीज काढायचीच तर कुठे? लडाखमधलं पुगा खोरं. उंची ४,४०० मीटरच्या आसपास. तिथे झऱ्याचं पाणी ८४ अंशांचं असतं, आणि हवा इतकी विरळ की त्या उंचीवर पाणी त्याच सुमाराला उकळतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात तिथे छिद्रं पाडली. चारशे मीटरही खोल न जाता १४० अंशांपर्यंत तापमान लागलं. भारतीय आणि आशियाई भूखंड जिथे एकमेकांना भिडले त्या शिवणीजवळची ही जागा. सोनाराकडचा टाकणखार (बोरॅक्स) पूर्वी अशाच खोऱ्यांतून येई. पुग्यातही तो मिळतो. लार्डेरेल्लोत बोरिक आम्ल आणि इथे टाकणखार, दोन्हींच्या मुळाशी बोरॉन आहे, गरम पाण्याने खडकातून धुऊन वर आणलेला.

आणि आता तो उताराचा नियम आठवा. पुग्याला खाली गरम आहे आणि वर हिवाळ्यात हवा शून्याखाली वीस-तीस अंश. जी थंडी तिथल्या माणसाचा जीव काढते तीच टर्बाइनला पथ्यावर पडते. २०२१ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने लडाख प्रशासनाबरोबर तिथे १ मेगावॅटच्या प्रायोगिक केंद्राचा करार केला. २०२२ मध्ये खोदाई सुरू झाली तेव्हा विहिरीतला द्रव शेजारच्या नाल्यात गेला आणि काम थांबवावं लागलं. पश्मीना बकऱ्या राखणाऱ्या चांगपा लोकांची ती कुरणं आहेत, म्हणून घाई करण्यापेक्षा थांबलेलं बरं, असं मला वाटतं.

देशाचा एकूण आकडा सरकारी कागदांत १०,६०० मेगावॅटच्या आसपास दिलेला असतो. ही शक्यता आहे, हातातली वीज नव्हे. तेलंगणातल्या मनुगुरूला सिंगरेणी कोळसा कंपनीने २० किलोवॅटचा प्रायोगिक संच बसवला आहे. एवढ्या विजेत दहा गिझर चालतील. साऱ्या जगातली भूऔष्णिक केंद्रं एकत्र केली तरी १६-१७ हजार मेगावॅटच भरतात, आणि भारताची एकट्या सौर विजेची क्षमता १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली आहे. तरी या विजेला मान आहे तो ती रात्रंदिवस सारखी मिळते म्हणून.

पण वीज हा एकच हट्ट का? आइसलँडचं नाव आपण विजेसाठी घेतो, पण तिथला खरा चमत्कार नळाचा आहे. रेकयाविकमध्ये १९३० पासून जमिनीतलं गरम पाणी घराघरांत फिरवलं जातं, आणि आज त्या देशातली दहापैकी नऊ घरं त्यावर उबदार राहतात. उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर ९५ टक्के वाया घालवायचा प्रश्नच येत नाही. कोकणात घर तापवायची गरज नाही हे मान्य. वाळवणाची मात्र आहे. हर्णै बंदर उन्हवऱ्याच्याच तालुक्यात आहे. सुकट, बोंबील, आमसुलं, आंबापोळी यांना ५०-६० अंशांची कोरडी हवा हवी असते आणि ऐन वेळी पाऊस यायला नको असतो. ७० अंशांच्या पाण्यावर ही हवा तापवणं अगदी सरळ काम आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, त्यात विजेबरोबर अशा थेट वापरालाही जागा दिलेली आहे. कुंडाचं पावित्र्य आणि आंघोळीचा हक्क सांभाळून, वाहून जाणाऱ्या पाण्यावर हे करता येईल.

पुढच्या वेळी कुंडावर जाल तेव्हा बादली, घड्याळ आणि एक थर्मामीटर घेऊन जा. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरा, सेकंदाला किती लिटर येतं ते काढा. पाणी किती अंशांनी निववता येईल ते ठरवा, समजा ७० वरून ४० वर. लिटर गुणिले अंश गुणिले ४.२, एवढं केलं की किलोवॅटमध्ये उष्णता मिळते. सेकंदाला ५ लिटर भरले तर ६३० किलोवॅट, म्हणजे घरगुती दोन किलोवॅटचे तीनशेहून जास्त गिझर एकदम चालू. आता त्याला २० ने भागा, ती वीज: ३१ किलोवॅट, पंपाचा खर्च वजा व्हायचाय. काठावर बसून कुणी तोच प्रश्न विचारला तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा.